जुन्या गाडीचा क्लच आणि घाटातील परीक्षा

इंदूरहून महाराष्ट्राकडे येणारा आग्रा–मुंबई महामार्ग मानपूरनंतर विंध्य पर्वत उतरून धार जिल्ह्यातील धामनोदजवळ नर्मदेच्या खोऱ्यात येतो. येथील गणेश घाट अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे कुप्रसिद्ध आहे. आपल्या चोर्ला, अनमोड घाटांप्रमाणेच अशा रस्त्यावर लहान मोटारीचेही लपलेले दोष उघडे पडतात.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या ७९६ सीसीच्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज धावणारी या जातीची प्रत्येक गाडी वयस्कर आहे. तिच्या तक्रारी ओळखणे मात्र अवघड नाही.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे असे समजावे. प्लेट झिजलेली असते, तिच्यावर ऑइल गळलेले असते किंवा केबल फार ताणलेली असते. पेडलला थोडी मोकळी चाल हवीच. याउलट केबल सैल असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. गिअर अडतो आणि रिव्हर्स टाकताना करकर होते.

पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये होणारी घरघर पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असतो. केवळ एखाद्याच गिअरला करकर होत असेल, तर त्याची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते. गिअरबॉक्समधील ऑइलची पातळीही तपासून घ्यावी.

सर्वांत गंभीर दोष म्हणजे गिअर आपोआप निसटणे. घसरणारा क्लच चढावर फार तर गाडी अडवून ठेवतो. उतारावर निसटलेला गिअर मात्र इंजिनाचा अटकाव काढून घेतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ते तापले की त्यांची पकड सुटते. म्हणूनच इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घाट उतरणे हा घातक समज आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

आणि गिअर निसटत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा.