कोंडा म्हशीला, मैदा माणसाला

बैलानं दिवसभर शेण टाकलं नाही की आपण लगेच गुरांच्या डॉक्टरकडं पळतो. घरातल्या माणसाचं पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही, त्याची मात्र विचारपूस नाही. चूर्ण घेतलं की भागलं!

हिंगोली, वसमत भागात ज्वारीची जागा सोयाबीन आणि हळदीनं घेतली. पैसा आला, चांगलंच झालं. पण ताटातली भाकरी घटली, चहाबरोबर खारी-टोस्ट आले. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतो. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात 3 च्या आतच. गव्हाचा दोष नाही, न चाळलेल्या कणकेतही ज्वारीइतका तंतू आहे. पण आपण कोंडा चाळून म्हशीला घालतो. हाच तंतू पाणी धरून मळ मऊ ठेवतो. तो कमी पडला की खडा होतो, कुंथावं लागतं, मूळव्याध मागे लागते.

बायांचं दुखणं आणखी वेगळं. शौचालयात सरपण भरलेलं, मग अंधार पडेपर्यंत दाबून धरायचं, त्यासाठी पाणीही कमी प्यायचं. ग्रामपंचायतीनं शौचालयांचा नुसता आकडा न पाहता आत पाणी येतं का, तेही पाहावं.

शौचातून रक्त पडलं, वजन उतरलं तर मूळव्याधच आहे असं समजून जडीबुटी घेत बसू नका. आतड्याच्या कॅन्सरचीही हीच लक्षणं असतात. आधी सरकारी दवाखाना गाठा.

आणि रब्बीत घरापुरती ज्वारी टाकाच. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरा, म्हणजे बैलाच्या कडब्याचीही सोय होईल.