धंदा बुडाला तर घेणेकरी कुणाच्या दारात?

जर्मनीत कंपनी काढायची, तर नोटरीवाचून पान हलत नाही. आपल्याकडे शिक्का मारला की नोटरीचं काम संपतं. तिथला नोटरी मात्र करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो; कायद्याचं बंधनच आहे. समोरच्याला जर्मन येत नसेल, तर भाषांतर करून सांगितलं जातं. मगच सह्या.

पुण्याहून बर्लिनला गेलेल्या नव्या उद्योजकाने हे वाचन कान देऊन ऐकावं. धंदा बुडाला तर घेणेकरी कुणाच्या दारात उभे राहणार, हे त्या कागदांवरून ठरतं.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा. स्थानिक व्यवसाय कार्यालयात नोंद केली की झालं. किमान भांडवलाची अट नाही. वर्षाला 24,500 युरोपर्यंतच्या नफ्यावर व्यवसाय करही नाही. पण कायद्याच्या लेखी दुकान आणि दुकानदार एकच. समजा, तीन वर्षांच्या करारावर जागा घेऊन उपाहारगृह थाटलं आणि आठव्या महिन्यात ते बंद पडलं. उरलेल्या 28 महिन्यांच्या भाड्यासाठी जागामालक थेट घरच्या बचतीवर दावा सांगू शकतो.

ही जोखीम टाळण्यासाठी ‘गेएमबेहा’ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी 1892 पासून आहे. भांडवल किमान 25,000 युरो, त्यातले निदान 12,500 नोंदणीपूर्वी भरलेले हवेत. भागधारकाची जोखीम साधारणपणे त्याच्या भांडवलापुरतीच राहते. तरी कंपनीच्या नोंदवहीत नाव चढण्याआधी कंपनीच्या वतीने केलेले व्यवहार सही करणाऱ्याच्या अंगावर येतात. कर्जासाठी बँकेला वैयक्तिक हमी दिली, तर तेवढ्यापुरतं हे कवच गळून पडतं.

एवढे पैसे नसलेल्यांनी एकेकाळी ब्रिटनची वाट धरली. युरोपीय न्यायालयाच्या 1999 ते 2003 दरम्यानच्या निकालांमुळे एका पौंडाची ब्रिटिश कंपनी नोंदवून धंदा जर्मनीत चालवता येऊ लागला. त्यावर जर्मनीने 2008 मध्ये एका युरोपासून सुरू होणारी ‘यूगे’ आणली. तिला दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा राखून भांडवल वाढवावं लागतं आणि मर्यादित जबाबदारीचा उल्लेख नावातच पूर्ण शब्दांत करावा लागतो. मालपुरवठादार पाटी वाचूनच सावध व्हावा, हा हेतू. पुढे ब्रेक्झिट झालं आणि 2021 च्या सुरुवातीपासून जर्मनीतून चालणाऱ्या त्या ब्रिटिश कंपन्यांच्या मालकांचं संरक्षण गेलं.

बर्लिनमधल्या भावाच्या धंद्यात पुण्यात राहून पैसे घालणाऱ्याला आणखी एक कायदा पाहावा लागतो. ऑगस्ट 2022 पासूनच्या भारतीय नियमांनुसार, काही मोक्याची क्षेत्रं सोडली तर परदेशातली संस्था मर्यादित जबाबदारीचीच लागते. व्यक्तीला एका आर्थिक वर्षात पाठवता येते एकूण अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम. म्हणजे भावाचा धंदा एकट्याच्या नावावर असेल, तर त्यात हिस्सा घेता येत नाही. आधी ‘यूगे’ किंवा ‘गेएमबेहा’ उभी करावी लागते. म्हणून बर्लिनच्या नोटरीची वेळ ठरवण्याआधी पुण्यातल्या बँकेच्या परकीय चलन विभागात एक चक्कर मारावी लागते.