पिकअप घ्यायची, पण केवढ्या इंजिनाची?

ब्रिटनमध्ये पिकअप म्हणून जी गाडी विकली जाते, ती आपल्या डोळ्यांसमोरच्या पिकअपपेक्षा बरीच वेगळी आहे. आपल्याकडे पिकअप म्हणजे पहाटे बाजार समितीत भाजी उतरवणारी बोलेरो, नाहीतर गल्लीबोळात माल पोचवणारा ‘छोटा हत्ती’. 2005 साली टाटा एस आली ती दोन सिलिंडरच्या, 702 सीसीच्या आणि जेमतेम 16 अश्वशक्तीच्या इंजिनावर. तेवढ्यावर तिनं लहान मालवाहतुकीचं गणित बदलून टाकलं. ब्रिटिश पिकअप बहुतेकदा पाच आसनांची, चारही चाकांना जोर देणारी डिझेलवरची ‘डबल कॅब’ असते. फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स आणि फोक्सवॅगन अमारोक ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेतल्या अजस्र ट्रकांशेजारी या गाड्या लहान वाटतात खऱ्या. पण ब्रिटनमधल्या 4.8 मीटर लांबीच्या नेहमीच्या पार्किंगच्या चौकटीत यातली कुठलीही उभी केली, तरी तिचा सुमारे अर्धा मीटर भाग बाहेरच राहतो. यातली कुठली घ्यावी, आणि घेतली तर 1.9 लिटरची, 2.4ची की थेट 3 लिटर व्ही-6, यावर तिथले शेतकरी, बांधकामवाले आणि हौशी तासन्‌तास वाद घालतात. या वादात प्रश्नांचा क्रमच उलटा लागलेला आहे. आधी ओझं, मग कायदा, मग कर आणि सर्वांत शेवटी इंजिन, असा विचार केला तर बहुतेक ग्राहकांचं काम लहान इंजिनात निभतं. मोठं इंजिन एका ठरावीक कामापुरतंच आपले पैसे वसूल करून देतं.

लिटर जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज जुन्या डिझेल इंजिनांच्या काळातला. टर्बोचार्जर आणि जास्त दाबानं इंधन फवारणारी कॉमन रेल यंत्रणा आल्यावर सिलिंडरच्या आकाराचा आणि ओढण्याच्या जोराचा थेट संबंध सैल झाला. रेंजरचंच उदाहरण घ्या. आधीच्या पिढीतलं पाच सिलिंडरचं 3.2 लिटर इंजिन 200 अश्वशक्ती आणि 470 न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. 2019मध्ये त्याच्या जागी दोन टर्बोंचं 2 लिटर इंजिन आलं. त्याची ताकद 213 अश्वशक्ती आणि टॉर्क 500. म्हणजे आकार एक तृतीयांशाहून जास्त घटला आणि जोर वाढला. इसुझूचा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून तोही सांगायला हवा. 2017मध्ये डी-मॅक्सचं 2.5 लिटर इंजिन जाऊन 1.9 लिटरचं आलं, तेव्हा अश्वशक्ती 164च्या घरात तशीच राहिली, पण टॉर्क 400 वरून 360 झाला. हायलक्समध्ये फरक ठळक दिसतो: 2.4 लिटरला 150 अश्वशक्ती आणि 400 टॉर्क, तर 2020मध्ये आलेल्या 2.8 लिटरला ऑटोमॅटिकसह 204 अश्वशक्ती आणि 500. रेंजर आणि अमारोकमधलं 3 लिटर व्ही-6 डिझेल 240 अश्वशक्ती आणि 600 टॉर्क देतं. तेव्हा मोठ्या इंजिनात जोर असतोच. पण गाडी नवी आहे की जुनी हे न पाहता नुसत्या लिटरवरून तुलना केली, तर फसगत ठरलेली.

आता या जोराचा उपयोग कुठे होतो ते पाहू. ब्रिटनमध्ये पिकअपची जाहिरात एका आकड्याभोवती फिरते: ट्रेलर ओढण्याची क्षमता 3.5 टन. गंमत अशी की 1.9 लिटरची डी-मॅक्स असो, 2.4ची हायलक्स असो की व्ही-6 अमारोक, तिन्हींच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो. त्याचं कारण इंजिनात नाही. गाडीनं ब्रेक मारल्यावर मागच्या ट्रेलरचा रेटा पुढे येतो आणि त्या रेट्यानंच ट्रेलरचे ब्रेक लागतात; अशा साध्या ब्रेकच्या ट्रेलरला कायद्यानं घातलेली कमाल मर्यादाच 3.5 टन आहे. सगळे उत्पादक त्या छतापर्यंत पोचले, म्हणून सगळे सारखे दिसतात. खरा फरक चढावर कळतो. दोन टनांची डी-मॅक्स आणि मागे साडेतीन टनांचा ट्रेलर मिळून साडेपाच टन होतात, म्हणजे टनामागे सुमारे 30 अश्वशक्ती. व्ही-6मध्ये हाच आकडा 41च्या आसपास जातो. 44 टनांचा अवजड ट्रक 500 अश्वशक्तीवर, म्हणजे टनामागे 11वर रोज देश पालथा घालतो, हे लक्षात घेतलं तर 30 काही थोडे नाहीत. पण लँकेशायरहून यॉर्कशायरकडे जाताना एम-62 महामार्ग 372 मीटर उंचीवर चढतो. तशा रस्त्यावर, समजा 6 टक्क्यांच्या चढावर, हे सगळं ओझं ताशी 50 मैलांनी रेटायला ढोबळ हिशेबानं 145 अश्वशक्ती लागते. लहान इंजिन तिथे शर्थ करतं. व्ही-6 सहज जातं. आठवड्यातून दोन-तीनदा गुरांचा भरलेला ट्रेलर किंवा मिनी-डिगर घेऊन असा प्रवास करणाऱ्यानं मोठं इंजिन घ्यावं, यात दुमत नको. वर्षातून चारदा दीड टनाचा कॅरव्हॅन समुद्रकिनारी नेणाऱ्याला हे कारण लागू पडत नाही.

बाकीच्यांचं काम ओढण्यापेक्षा वाहण्याचं असतं, आणि वाहण्याच्या बाबतीत जड इंजिन मदत करत नाही, उलट जागा खातं. गाडीचं कमाल एकूण वजन ठरलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो माल. इंजिन, गिअरबॉक्स, जाड चाकं, चामड्याच्या सीट असं जे जे वाढेल ते या मालातूनच कापलं जातं. कागदावर 1,000 किलो क्षमता असलेली गाडी घ्या. चालकाखेरीज तीन कामगार बसले, की 240 किलो गेले. हत्यारांच्या पेट्या 150 किलो. हौद्यावर फायबरचं टप बसवलं तर 45. मागे ट्रेलर असेल तर त्याच्या दांड्याचा भार गाडीच्या मागच्या टोकावर येतो, तो 150 धरा. शिल्लक राहिले 415 किलो, म्हणजे सिमेंटच्या 25 किलोच्या 16 गोण्या. टनाची गाडी घेतली म्हणून तीस-पस्तीस गोण्या भरणारा रस्त्यावरच्या वजनतपासणीत सापडला तर दंड त्यालाच भरावा लागतो. शिवाय गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची आणखी एक मर्यादा दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेली असते. पूर्ण माल आणि पूर्ण ट्रेलर हे दोन्ही एकाच वेळी अनेक गाड्यांना पेलत नाहीत. खरेदीच्या वेळी ही पट्टी वाचणारा ग्राहक विरळा, पण गाडीची खरी कुंडली तिथेच लिहिलेली असते.

वजनाची दुसरी रेघ वेगाची आहे आणि ती तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ब्रिटिश कायद्यात ‘दुहेरी उपयोगाचं वाहन’ असा एक वर्ग आहे. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी रिकामी असताना 2,040 किलोंच्या आत असेल, तर ती या वर्गात मोडते आणि तिला मोटारीचीच वेगमर्यादा मिळते: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर 60 मैल आणि दुभाजकाच्या रस्त्यावर 70. रेघ ओलांडली की ती मालवाहू ठरते आणि याच मर्यादा 50 आणि 60 होतात. फक्त मोटरवेवर 70 कायम राहते. इसुझू आपली डी-मॅक्स या वर्गात बसते असं आवर्जून सांगते. रेंजर आणि अमारोकच्या व्ही-6 डबल कॅब ही रेघ आरामात ओलांडतात. परिणाम असा की 240 अश्वशक्तीची गाडी घेणाऱ्याला वेल्सच्या ग्रामीण रस्त्यावर कायद्यानं 164 अश्वशक्तीवाल्याच्या मागे राहावं लागतं. ताकदीचे जादा पैसे मोजून वेग कमी करून घेण्याचा हा व्यवहार आहे.

मग इतकी वर्षं मोठी इंजिनं खपली कशी? याचं उत्तर करात सापडतं. 1990च्या दशकात पुण्यात बनलेली टाटाची पिकअप ब्रिटनमध्ये ‘लोडबीटा’ या नावानं विकली जात होती. दोन लिटरच्या आतलं साधं डिझेल इंजिन, कमी किंमत आणि भरपूर ओझं एवढाच तिचा दावा होता; तेव्हा पिकअप हे कामाचं हत्यार होतं. पुढे ती कौटुंबिक गाडी झाली, त्याला करखात्याचा नियम कारणीभूत ठरला. टनभर माल पेलणारी डबल कॅब करासाठी ‘व्हॅन’ धरली जायची, आणि कंपनीची व्हॅन खासगी कामाला वापरणाऱ्या नोकरदारावर ठोक रकमेवर कर लागायचा. 2025-26साठी ही रक्कम 4,020 पौंड होती. 20 टक्के करदात्याला वर्षाला 804 पौंड, 40 टक्केवाल्याला 1,608. गाडी 25 हजारांची असो की 50 हजारांची, कर तोच. आपल्याकडे म्हणतात हौसेला मोल नसतं. ब्रिटिश करखात्यानं ते अक्षरशः खरं करून दाखवलं होतं. 30 ऑक्टोबर 2024च्या अर्थसंकल्पानं हे बदललं. एप्रिल 2025पासून डबल कॅब या करासाठी मोटार ठरते आणि कर किमतीच्या टक्केवारीवर लागतो. डिझेल पिकअपचं कार्बन उत्सर्जन इतकं जास्त आहे की 1.9 लिटर असो वा 3 लिटर, सगळ्या वरच्या 37 टक्क्यांच्या टप्प्यात जातात. 40,000 पौंडांच्या गाडीवर 14,800 पौंड उत्पन्न धरलं जातं. 40 टक्के करदात्याला वर्षाला 5,920 पौंड भरावे लागतात. मोठ्या इंजिनासाठी 5,000 पौंड जास्त मोजले, तर खरेदीच्या वेळी ते जातातच, वर दरवर्षी आणखी 740 पौंड कर. 6 एप्रिल 2025पूर्वी घेतलेल्या किंवा मागणी नोंदवलेल्या गाड्यांना जास्तीत जास्त एप्रिल 2029पर्यंत जुना नियम लागू राहील. व्हॅटसाठी मात्र टनाची कसोटी कायम आहे, आणि तिथे ते टप पुन्हा आडवं येतं: करखातं त्याचे सरसकट 45 किलो वजा करतं, त्यामुळे 1,010 किलोंची गाडी 965वर येते आणि व्हॅटच्या परताव्याचा हक्क अडचणीत सापडतो. एका सीटरांगेची सिंगल कॅब या सगळ्या बदलाबाहेर आहे. ती पूर्वीसारखीच व्हॅन.

यावर काही आक्षेप येतात. पहिला म्हणजे लहान इंजिन कायम ताणाखाली राहून लवकर दमतं. तसं असतं तर उत्पादकांनी वॉरंटी आखडती घेतली असती, पण इसुझूनं 1.9 लिटरला पाच वर्षं किंवा सव्वा लाख मैलांची दिली. इंजिनाचं आयुष्य लिटरपेक्षा बनावटीवर आणि निगेवर ठरतं. फोर्डच्या 2 लिटर इकोब्लू इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो. जुनी गाडी घेताना तिथे तेलबदलाचा इतिहास पाहणं इंजिनाच्या आकारापेक्षा महत्त्वाचं. शिवाय रोज दोन-तीन मैलच जाणाऱ्याची काजळी पकडणारी गाळणी लहान-मोठ्या दोन्ही डिझेलांत तुंबते. दुसरा मुद्दा लहान इंजिनाच्या समर्थकांचा: इंधनात मोठी बचत होते. हा दावा फुगवलेला आहे. अधिकृत चाचणीत 1.9 लिटर गॅलनला 30 ते 33 मैल देतं, व्ही-6 साधारण 28. आपल्या भाषेत ॲव्हरेज 11 आणि 10 किलोमीटर. वर्षाला 12,000 मैल फिरणाऱ्याला जेमतेम दोनशेच्या आसपास लिटरांचा फरक पडतो. लहान इंजिन निवडायचं ते खरेदीची किंमत, मालाची क्षमता आणि कर यांसाठी. डिझेलच्या बिलासाठी नव्हे. तिसरा आक्षेप पुनर्विक्रीचा. व्ही-6ला जुन्या बाजारात भाव मिळतो हे खरं, पण तो भाव ठोक कराच्या काळात तयार झालेल्या मागणीवर उभा आहे आणि तो टिकेल असं धरून चालणं जोखमीचं. चौथा मुद्दा 2025मध्ये आलेल्या प्लग-इन हायब्रिड रेंजरचा. 2.3 लिटर पेट्रोल आणि मोटर मिळून 281 अश्वशक्ती आणि 697 टॉर्क. कागदावरचं उत्सर्जन कमी, म्हणून कराची टक्केवारीही 37च्या बरीच खाली. घरी चार्जिंग आणि रोजची छोटी धाव असेल तर ती विचारात घ्यावी. बॅटरी संपल्यावर जड ट्रेलरसह लांब पल्ला गाठायचा असेल, तर पेट्रोलचा खर्च गृहीत धरावा.

निवाडा असा: ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा असेल आणि मागच्या सीटची खरी गरज नसेल, तर सर्वांत लहान इंजिनाची सिंगल कॅब घ्या. कामगार आणि कुटुंब दोन्ही न्यायचे असतील तर 1.9 ते 2.4 लिटरची डबल कॅब पुरेशी आहे. अडीच-तीन टनांच्या वरचा ट्रेलर दर आठवड्याला चढावर न्यायचा असेल, तरच 2.8 किंवा 3 लिटरकडे वळा. आणि यातली कुठलीही गाडी पसंत पडली, तरी बयाणा देण्याआधी तिचा दरवाजा उघडून चौकटीवरची वजनाची पट्टी स्वतः वाचा.