वृद्धांची बैठक

नगरपालिकेनें बाग केली, तींत ज्येष्ठांसाठीं बांकें मांडलीं, देणगीदारांचीं नांवें त्यांवर कोरलीं. तरीहि संध्याकाळीं पाहावें तों एकेका बांकावर एकेक वृद्ध गृहस्थ समोरच्या कुंपणाकडे दृष्टि लावून बसलेले! म्हातारपणीं माणूस अबोल होतो, असें म्हणून आपण पुढें जातों. वस्तुतः दोष पुष्कळदां माणसाचा नसून मांडणीचा असतो.

कॅनडा देशांतील सस्कॅचेवान प्रांतांत एका रुग्णालयामध्यें वृद्ध स्त्रियांचा कक्ष होता. नवा रंग, नवे पडदे, नव्या खुर्च्या, सर्व कांहीं सुरेख. परंतु त्या स्त्रिया एकमेकींशीं क्वचितच बोलत. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञांनीं पाहिलें, तों खुर्च्या भिंतीला लावून ओळीनें मांडलेल्या. झाडलोटीला तें सोयीचें, दिसावयासहि नीटनेटकें. परंतु शेजारणीशीं बोलावयाचें तर मान वळवावी लागे, आणि वृद्धांची मान सहजासहजीं वळत नाहीं. सॉमर व त्यांचे सहकारी ह्यूगो रॉस यांनीं लहान चौकोनी टेबलें आणवून खुर्च्या त्यांभोंवतीं मांडविल्या. कांहीं आठवड्यांत संभाषण पुष्कळ वाढलें. १९५८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रुग्णालयाच्या उपाहारगृहांत सॉमर यांना आणखी एक गोष्ट आढळली. टेबलाच्या कोपऱ्याशीं काटकोनांत बसलेलीं माणसें सर्वांत अधिक बोलतात. डोळ्याला डोळा भिडवावयाची सक्ति नाहीं आणि मान वळवावयाचे कष्टहि नाहींत.

आपल्या भाषेला हें मर्म पूर्वींच ठाऊक असावें. ‘मंडळी’ या शब्दाच्या मुळाशीं ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ आहे. ओळींत बसते ती पंगत, आणि पंगतींत बोलण्यापेक्षां जेवण महत्त्वाचें!

मग दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा तर सरळ ओळच आहे, तेथें गप्पा कशा रंगतात, असें कोणी विचारील. १९२५ सालीं खुल्या झालेल्या त्या मैदानाला फेऱ्या घालणारे लोक कट्ट्यावरच्या ओळखीच्या माणसासमोर थांबतात. बसलेले दोघे आणि उभा राहिलेला एक मिळून वर्तुळ पुरें होतें. ज्याचे गुडघे उभें राहूं देत नाहींत, त्याला मात्र त्या वर्तुळांत स्थान नाहीं. शिवाय कट्ट्याला पाठ नाहीं, हात नाहींत. पंच्याहत्तरीपुढील मनुष्यानें टेकावें कशाला आणि उठावें कशाच्या आधारानें?

उपाय फार खर्चाचा नाहीं. पाठ व हात असलेलीं, जमिनीपासून सुमारें दीड फूट उंच बैठकीचीं दोन बांकें काटकोनांत मांडावीं आणि शेजारीं चाकाच्या खुर्चीपुरती जागा मोकळी ठेवावी. हीं बांकें ‘शांत कोपऱ्यांत’ नकोत. जेथून मुलांचा खेळ व जाणारे-येणारे दिसतील, तेथेंच तीं असावीं. बोलण्याला विषय लागतो, आणि तो समोरून चालत येतो. जवळ स्वच्छ शौचालय हवें. तें नसलें कीं घरांतील आजी दुपारपासून पाणी तोडतात, नाहीं तर बाहेरच पडत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या मार्गदर्शिकेंतहि बसावयाच्या जागा व शौचालयें यांवर भर आहे.

सोसायटीच्या आवारांत खुर्च्या मांडल्या, तर झाडणाऱ्यास आधीं सांगून ठेवावें. सॉमर यांच्या कक्षांतहि आरंभीं खुर्च्या पुन्हां पुन्हां भिंतीकडे जात असत, आणि त्या नेणाऱ्यांत सेवकांबरोबर त्या वृद्ध स्त्रियाहि होत्या.