परतूरच्या अंगणात ढोबळी मिरची

भाजीसाठी चिरलेल्या हिरव्या ढोबळीचं बी कुंडीत टाकून वाट पाहत बसू नका. फळ कच्चं, तर बीही बहुधा कच्चंच. पिकून लाल झालेल्या फळाचं बी उगवतं. पण वाण संकरित असेल, तर पुढची पिढी तशीच निघेल याची खात्री नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. परतूरही जालना जिल्ह्यातलंच; बियाण्यांच्या या जिल्ह्यात राहून बियाण्यांचं पाकीट विकतच घ्यावं! खरी अडचण उन्हाची. पारा ३५ अंशांपुढे गेला की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. म्हणून पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरात. बी अर्धा सेंटिमीटर खोल, माती ओलसर. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. शेजारी तिखट मिरची असली तरी यंदाची ढोबळी तिखट होत नाही. परपरागीकरणाचा परिणाम बियांतून पुढच्या पिढीत दिसतो.