येडं नव्हे, त्याला नाव आहे

शिरूरचा बाजार असो की दौंड स्टेशनचा फलाट, बोलताना अडखळणारा, सुटे पैसे मोजताना गोंधळणारा तरुण दिसला की शब्द ठरलेले असतात : येडं, खुळं, मेंटल. वर कुणीतरी म्हणतं, ‘येरवड्याला न्या याला.’ पुणे जिल्ह्यात येरवडा म्हणजे मनोरुग्णालय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पहिला गैरसमज इथंच आहे.

‘मनोरुग्ण आणि मतिमंद एकच.’
नाही. मनोविकार कुणालाही, कुठल्याही वयात होऊ शकतो आणि उपचारांनी त्यात उतार पडतो. ज्याला ‘मतिमंद’ म्हणतात, ते बौद्धिक दिव्यांगत्व जन्मापासून किंवा वाढीच्या वयात येतं. शिकायला, हिशेबाला, रोजच्या व्यवहाराला जास्त वेळ आणि आधार लागतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोविकाराच्या व्याख्येतून ते स्पष्टपणे वगळलं आहे. 2011च्या जनगणनेतही दोन्हींची मोजणी वेगळी झाली : देशात बौद्धिक दिव्यांग सुमारे 15 लाख, मनोरुग्ण सुमारे 7 लाख. आणि येरवड्यात उपचार घेणारी माणसं तरी शिवीसाठी आहेत का?

‘मतिमंद हा तर सरकारी शब्द.’
होता. दाखल्यावर, शाळेच्या पाटीवर तोच असायचा, म्हणून आईवडीलही तोच वापरतात. त्यांना बोल लावू नये. पण झेल सुटल्यावर ‘मतिमंद आहेस का?’ असं ओरडलं जातं, तेव्हा त्या शब्दाची शिवी झालेली असते. इंग्रजीत ‘इडियट’, ‘मोरॉन’ याही एकेकाळी वैद्यकीय संज्ञाच होत्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुनी संज्ञा काढून बौद्धिक दिव्यांगत्वाची आणली. रेल्वेच्या सवलतीच्या दाखल्यावर मात्र ‘मानसिक विकृती’ असेच शब्द राहिले होते. मध्य प्रदेशातल्या एका मुलीच्या वडिलांनी ते प्रकरण धसास लावलं, तेव्हा 2025मध्ये तिथं ‘बौद्धिक दिव्यांग’ आलं. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात हा दाखला किती घरांत असेल! आपल्या लेकराच्या नावापुढं ‘विकृती’ वाचताना एखाद्या आईला काय वाटलं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

‘आईनं ग्रहण पाळलं नाही.’
ग्रहणाचा काही संबंध नाही. डाउन सिंड्रोममध्ये 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. काहींच्या बाबतीत जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असतो, काहींना लहानपणी मेंदूज्वर झालेला असतो. अनेकांचं कारण सापडतही नाही.

‘लग्न लावलं की सुधारेल.’
हा रोग नाही, मग लग्नानं बरा काय होणार? वस्तुस्थिती लपवून लावलेल्या लग्नात दोन आयुष्यं भरडली जातात.

‘ही देवाची लेकरं, कायम लहानच.’
प्रेमानं म्हटलं तरी चूकच. तीस वर्षांचा माणूस तीस वर्षांचाच असतो. बहुतेकांचं दिव्यांगत्व सौम्य असतं. सवय लावली तर ते स्वयंपाक करतात, गोठा सांभाळतात, पॅकिंगचं काम करतात. ‘बाळ’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही.

‘बोललं म्हणून काय बिघडतं?’
लोकांदेखत, हिणवण्याच्या हेतूनं दिव्यांग व्यक्तीचा जाणीवपूर्वक अपमान केला, तर 2016च्या कायद्याच्या कलम 92 नुसार 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

मग म्हणायचं काय? लिहिताना ‘बौद्धिक दिव्यांग व्यक्ती’. समोर असेल तर त्याचं नाव. आणि एसटीत तिकीट काढताना शेजारच्या आईला ‘याला कुठं उतरायचंय?’ असं विचारू नका. त्यालाच विचारा, ‘दादा, कुठं उतरायचं?’ उत्तर यायला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा.