सामाईक खाते आणि शेतकऱ्याची पत

रत्नागिरी जिल्ह्यातील लहान शेतकऱ्यास जमीन असूनही दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे कठीण जाते. याचे कारण बहुधा जमिनीच्या अल्प उत्पन्नात शोधले जाते. तथापि दुसरे कारण सातबाराच्या उताऱ्यात आहे.

या जिल्ह्यात कुळाचा सरकारशी संबंध दीर्घकाळ खोताच्या मार्फत येत असे. 1949 च्या कायद्याने खोती रद्द झाली व 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला. मूळ कुळाचे नाव खातेदार म्हणून लागले. परंतु त्याच्या पश्चात वारसांची नावे एकाखाली एक चढत गेली. वारसांपैकी पुष्कळजण मुंबईस स्थायिक झाले. गावी राहिलेल्या भावाची वहिवाट तोंडी वाटपाने वेगळी झाली, खाते मात्र सामाईकच राहिले.

सातबारा हा मूलतः महसुली अभिलेख होय. त्यातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण ती मालकीची अंतिम हमी नव्हे. सहहिस्सेदारास आपला अविभक्त हिस्सा गहाण ठेवता येतो. परंतु कर्ज थकल्यास लिलावात तो घेणाऱ्यास विशिष्ट बांध वा बाग न मिळता केवळ हिस्सा मिळतो व पुढे वाटपासाठी झगडावे लागते. सबब बँक सर्व सहहिस्सेदारांची संमती मागते. एक सही न मिळाल्यास प्रकरण थांबते.

अल्प मुदतीच्या पीककर्जास ही अडचण तितकी बाधत नाही. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 2 लाख रुपये केली आहे. परंतु हापूसची नवी लागवड, विहीर वा कुंपण यांसाठी भांडवल अनेक वर्षे गुंतून पडते. मोठ्या रकमेस तारण लागतेच.

यावरील उपाय म्हणजे खातेफोड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप करता येते. मात्र मालकीहक्काचा वाद निघाल्यास त्याचा निकाल प्रथम दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो. शिवाय 1947 चा तुकडेबंदीचा कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडू देत नाही. ज्याची जमीन सर्वांत थोडी, त्यासच हा मार्ग सर्वांत अरुंद ठरतो.

म्हणून सर्व वारस हयात व एकविचाराचे असतानाच वाटप नोंदवून घेणे हितावह होय. प्रत्येक पिढीगणिक नावे वाढतात व संमती दुर्घट होत जाते. जो प्रत्यक्ष बाग राखतो, त्याच्या कष्टाची नोंद कागदावर स्वतंत्रपणे आल्याखेरीज त्याची पत बँकेच्या दृष्टीस पडणार नाही.